सहाजणींचा एक डबा

(दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळ. नाशिक रस्त्यावर मोशीच्या अलीकडे अडकलेली एक जुनी गाडी. स्टिअरिंगवर जयदीप, शेजारी मिनल, तिच्या मांडीवर लॅपटॉप.)

मिनल : सर, तुम्ही काय केलंय ते मला कळलंय. आणि माझी अडचण तीच आहे.

जयदीप : कळलं नसतं तर बरं झालं असतं का?

मिनल : कळलं नसतं तर मी सुजित सरांना लिहिलं असतं, 'कोड गुंतागुंतीचा आहे.' त्यानं कोणाचं वाईट होत नाही. आता लिहावं लागेल की जयदीप सरांनी नव्या भाषेत जुनीच भाषा लिहिली आहे.

जयदीप : पुढचा टेम्पो हलला का बघ.

मिनल : नाही. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून चहा पितोय.

जयदीप : म्हणजे वेळ आहे. बोल.

मिनल : या भाषेत ऑब्जेक्ट नाहीत. आपला हिशेब आपल्याजवळ ठेवणाऱ्या वस्तू नाहीत.

जयदीप : मी कुठे म्हटलं आहेत?

मिनल : तुम्ही म्हटलं नाही, केलेत. हे बघा. तुम्ही नका बघू, पुढे बघा, मी वाचते. 'प्रेस' नावाचं एक फंक्शन, पत्रा ठोकणाऱ्या प्रत्येक मशीनसाठी. ते काय परत देतं? आकडा नाही. आणखी एक फंक्शन देतं. मग त्या आतल्या फंक्शनला 'ठोका' म्हटलं की ते ठोका मोजतं, 'किती' म्हटलं की आकडा सांगतं, 'थांब' म्हटलं की थांबतं. सर, हे फंक्शन आहे की घरातला माणूस?

जयदीप : घरातला माणूस 'थांब' म्हटल्यावर थांबत नाही.

मिनल : आणि नावं काय ही? थोरली, ठेंगणी, रडकी...

जयदीप : तिचं तेल गळतं.

मिनल : मुकी, चटक, धाकटी. सुजित सरांना 'प्रेस एक' ते 'प्रेस सहा' हवं होतं.

जयदीप : कारखान्यातल्या मारुतरावांनी फोनवर सांगितलेली नावं आहेत. चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये कोणीही 'प्रेस तीन बंद पडली' म्हणत नाही. 'रडकी बसली' म्हणतात. मग रात्रपाळीचा माणूस बावरून स्क्रीनकडे बघणार, तेव्हा त्याला काय दिसावं?

मिनल : सर, मुद्दा नावांचा नाही.

जयदीप : तूच काढलास.

मिनल : मुद्दा असा की अकरा वाजता मालकांसमोर सहा प्रेस आपल्या सिस्टीमवर चालू होणार. त्याआधी मी सुजित सरांना कळवायचंय की जयदीप सरांचं काम ठेवायचं की काढायचं. आणि काढलं, तर...

जयदीप : तर मला मॅन्युअल विभागात पाठवणार. माहीत आहे मला. प्रभावती मॅडमना असंच पाठवलं होतं ना. दोन वर्षं 'प्रथम झाकण उघडा' लिहितायत. म्हणतात, आता नवऱ्याशीही तसंच बोलायची सवय लागली.

मिनल : तुम्हाला कोणी सांगितलं हे ठरलंय म्हणून?

जयदीप : कोणी सांगितलं नाही, म्हणून कळलं. महिनाभर मला एकाही मीटिंगला बोलावलं नाही. आज बोलावलं, कारण माझ्याकडे गाडी आहे.

मिनल : गाडी माझ्याकडेही आहे.

जयदीप : तुझ्याकडे लायसन आहे, मिनल. नाशिक रोडवर चालवायची हिंमत नाही. तूच म्हणालीस, ट्रक दिसला की तुझे पाय गार पडतात.

मिनल : टेम्पो हलला.

जयदीप : दिसतंय. बाकी काही म्हण, मला या नव्या भाषेचा राग नाही. आमचा राग भाषेवर कशाला? लोक लोणावळ्याहून चिक्की आणतात. सुजित सर दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि भाषा घेऊन आले. त्याआधी गोव्याहून आले तेव्हा उभ्यानं मीटिंग आणली होती. माझा गुडघा तेव्हापासूनचा.

मिनल : भाषा चांगली आहे, सर. तुम्ही तिला संधीच दिली नाही. तिची एकच अट आहे. एकदा दिलेली किंमत बदलायची नाही. दहा म्हणजे दहा. अकरा हवेत, तर नवे अकरा करा, दहाला हात लावू नका. त्यामुळे कोणी कोणाचं बिघडवत नाही.

जयदीप : सातबाऱ्यासारखं.

मिनल : म्हणजे?

जयदीप : आमच्या भोसरीच्या जमिनीचे किती व्यवहार झाले असतील? तलाठ्यानं जुनं कधी खोडलं नाही. नवा फेरफार चढवला. पणजोबा वारले, तरी कागदावर आहेतच. वरून बघत गेलं की शेवटी कळतं आता मालक कोण.

मिनल : अगदी हेच! सर, मी कंपनीत तीन ट्रेनिंग दिली, एवढं सोपं नाही सांगता आलं. मग तुम्हाला समजलंय तर तुम्ही तसं का नाही लिहिलं?

जयदीप : कारण तलाठ्याला ठोका मारत नाहीत. प्रेस ही कागद नव्हे, बाई. ती तिथं उभी असते. तापते. तिला विचारावं लागतं, बाई गं, तुझे किती झाले? सकाळपासूनच्या सगळ्या ठोक्यांची बेरीज मी बाहेर बसून का करू? तिचं तिनं सांगावं.

मिनल : 'वस्तूला विचारायचं. तिच्या खिशात हात घालायचा नाही.'

जयदीप : हे कुठलं?

मिनल : तुमचंच. चिंचवडच्या जुन्या ऑफिसात, जिन्याशेजारच्या खोलीत. मी नवीन होते. तुम्ही फळ्यावर एक शर्ट काढला होता आणि त्याला खिसा. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, आज शर्ट शिकवला.

जयदीप : ते काय म्हणाले?

मिनल : म्हणाले, पगार देतात ना? मग शिक.

जयदीप : शहाणा माणूस.

मिनल : त्याच शर्टावर मी लीड झाले, सर. आणि आता तुमच्या शर्टावर शेरा मारायला बसलेय. मला काय मजा येतेय असं वाटतं का तुम्हाला?

जयदीप : नाही वाटत. फोन वाजतोय बघ. माझा. स्पीकरवर घे.

मारुतराव : हालू! जयदीप साहेब? मारुतराव बोलतोय, प्रेस शॉपमधनं. कुटं आलाव?

जयदीप : इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडे. काय म्हणताय? दसरा झाला का?

मारुतराव : झाला म्हंजी झालाच. पर साहेब, प्रेसवर लावल्याल्या तुमच्या त्या आकड्यांच्या पाट्यांनी घोळ घातलाय.

मिनल : कसला घोळ? मी मिनल बोलतेय, मारुतराव.

मारुतराव : नमस्कार म्याडम. आईका. काल पूजा झाली. आपला दरसालचा रिवाज हाय, नारळ फुटला की थोरलीला येक ठोका द्यायचा. मोकळाच. खाली पत्रा न्हाई, काय न्हाई. देवाचा ठोका. थोरली पयली आली ना शॉपमदी, म्हून मान तिचा. बाकीच्या पाची निसत्या हार घालून उभ्या. त्यांना कुणी हात लावायचा न्हाई. आज मालक येनार, हार उतरवनार, मग समद्या सुरू.

जयदीप : बरोबर. मग?

मारुतराव : मग थोरलीच्या पाटीवर येक आकडा आला. ब्येस झालं. पर बाकीच्या पाचींच्या पाटीवर बी येक!

मिनल : पाचींच्या?

मारुतराव : पाचींच्या. रडकीचा तर मेन स्विच बंद व्हता, तिच्या बी. तवापास्नं पोरं म्हनत्यात, देवी हलली. सकाळी येऊन बघतो तर पाट्यांस्नी हळदकुंकू. येकानं उदबत्ती खोचलीया भोकात.

मिनल : कुठल्या भोकात?

मारुतराव : यूएसबीच्या.

जयदीप : मारुतराव, उदबत्ती काढा आधी.

मारुतराव : काढली. पर धाकटीपुढं आता नवस बोलाय लागल्यात. मालक यायच्या आत काय ते बघा साहेब, न्हाईतर त्येबी चप्पल काढून आत येतील.

जयदीप : बघतो. पाच मिनिटं द्या.

मिनल : आणि मारुतराव, कशालाही हात लावू नका.

मारुतराव : म्याडम, त्येच तर करतोय कालपास्नं.

जयदीप : ठेवला. हे कसं होईल, मिनल? मागच्या आठवड्यात ट्रायल झाली तेव्हा एकही आकडा चुकला नव्हता.

मिनल : ट्रायलला एकटी थोरली होती. बाकीच्या पाच परवा जोडल्या. थांबा, वाचू द्या. 'ठोका' आला की डब्यातला आकडा एकानं वाढवा... डबा... सर, डबा कुठंय?

जयदीप : आहे की. पहिल्याच ओळीत.

मिनल : पहिल्याच ओळीत आहे. तेच विचारतेय. भाषेनं अडीअडचणीला म्हणून एक डबा दिलाय. बाकी काही बदलत नाही, फक्त डब्यातलं बदलता येतं. अडीअडचणीला. तुम्ही त्यावर संसार मांडलात ते सोडा. पण डबा 'प्रेस'च्या आत हवा. म्हणजे प्रत्येक प्रेस जन्माला येताना आपापला डबा घेऊन येईल. तुम्ही तो बाहेर ठेवलाय. सगळ्यांच्या आधी. म्हणून सहाजणी मिळून एकच डबा.

जयदीप : अरे देवा.

मिनल : थोरलीनं एक टाकला, सहाजणींनी झाकण उघडून पाहिलं, सहाजणी म्हणाल्या, एक.

जयदीप : ट्रायलला एकटी होती, म्हणून एकटीचा डबा एकटीनं खाल्ला. हे मी केलं? वीस वर्षं लोकांना खिसे शिवायला शिकवून मी खिसा शर्टाच्या बाहेर ठेवला?

मिनल : होतं सर.

जयदीप : नाही, होत नाही. हे मलाच होतं. आमच्याकडे चुलत धरून सहा भावांचं घर आणि चूल एक. सगळं मधल्या खोलीत. एकाला ठसका लागला की सहा जण पाणी पितात. लग्न झाल्यावर बायकोनं तिच्या साबणाची डबी वेगळी ठेवली, तर आठ दिवस घरात कुजबुज होती. माझ्या हातानं डबा आत जाणारच नाही. तो मधल्या खोलीतच जाणार.

मिनल : हसू नका सर, हॉर्न देतायत मागून.

जयदीप : हसत नाहीये मी. जाऊ दे त्याला, मोठा घाईचा. मिनल, एक ओळ आहे. पुलापलीकडे गाडी बाजूला घेतो, आत सरकवतो, संपलं.

मिनल : एक मिनिट सर. त्याआधी मला एक सांगायचंय.

जयदीप : सांग की.

मिनल : माझ्याकडे दुसरं तयार आहे.

जयदीप : दुसरं काय?

मिनल : सहा प्रेसचं. पूर्ण. मी लिहिलेलं. डबा नाही, काही नाही. प्रत्येक ठोक्याला नवी प्रेस, जुनीला धक्का नाही. तपासून झालंय. आत्ता या क्षणी लावलं तर चालेल. सुजित सर म्हणाले होते, हाताशी एक असू दे.

जयदीप : कधी लिहिलंस?

मिनल : गणपतीच्या सुट्टीत.

जयदीप : म्हणजे मी श्रावणापासून जे लिहीत होतो...

मिनल : हो.

जयदीप : आणि महिनाभर रोज माझ्याशेजारी बसून डबा खातेस. भेंडीची भाजी दिलीस मला परवा.

मिनल : म्हणून तर दिली.

जयदीप : भेंडी चांगली होती.

मिनल : सर, चिडा ना. तुम्ही चिडलात तर मला बरं वाटेल.

जयदीप : चिडून काय? तू काय चोरी केलीस? तुला काम सांगितलं, तू केलंस. चांगलंच केलं असणार, मला माहीत आहे. तुझं लाव.

मिनल : असं एकदम?

जयदीप : अकरा वाजता तिथं मालक उभा राहणार आहे. पाच प्रेसना देवी आलीय. माझं चुकलेलं आहे, तुझं बरोबर आहे. यात विचार करण्यासारखं काय आहे? आमच्या धंद्यातला नियम आहेच ना, नवी भाषा असो की जुनी. ज्या वस्तूकडे कोणी बोट दाखवत नाही, ती कचऱ्यात जाते. कुणी टाकत नाही तिला, आपोआप जाते. मी शिकवलाय तो नियम. अंगाला लावून घ्यायचा नसतो.

मिनल : तुम्ही लावून घेताय.

जयदीप : अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आपोआप लागतं. लाव तू. मारुतरावांना फोन कर, सांग पाट्या बंद करून चालू करायच्यात.

मिनल : ...हॅलो, मारुतराव? मिनल. ऐका, आम्ही सिस्टीम बदलतोय. मी सांगितलं की सगळ्या पाट्या बंद करून परत चालू करा. सगळीकडे खरे आकडे येतील. थोरली एक, बाकी शून्य.

मारुतराव : ब्येस. आन थोरलीचा त्यो येक कसा काढायचा?

मिनल : काढायचा? का? तो बरोबरच आहे, तिनं एक ठोका मारलाय.

मारुतराव : न्हाई न्हाई. म्याडम, त्यो देवाचा हाय. देवाचा ठोका कामात धरायचा नस्तो. मालक आल्यावर पाटीवर शून्य पायजे, मग पयला माल. त्येंचे वडील असल्यापास्नं तसंच हाय.

मिनल : बरं. मग मी तिथं वजा एक अशी नोंद टाकते. एक आणि वजा एक, शून्य.

मारुतराव : वजा?

मिनल : हो. माझ्या पद्धतीत झालेलं पुसता येत नाही. त्याच्यापुढे वजा लिहायचं.

मारुतराव : देवाला दिल्यालं वजा करायचं? म्याडम, रिपोर्टात दिसंल का त्ये?

मिनल : दिसेल.

मारुतराव : 'थोरली, दसरा, वजा येक.' अवो, हितली मानसं मला उभा सोलतील.

जयदीप : मारुतराव, जयदीप बोलतोय. पाटीवर हिरवं बटण आहे ना?

मारुतराव : हाय.

जयदीप : त्याला दाबून धरलं की खाली 'मुहूर्त' असं येतं. तेवढा एक ठोका बाजूला ठेवते ती. मोजत नाही आणि वजाही करत नाही. पण ते माझ्या सिस्टीममध्ये आहे. मॅडम आता त्यांची लावतायत, त्या त्यात बसवतील.

मारुतराव : मंग तुमचीच का न्हाई ठेवत?

मिनल : मारुतराव, मी दोन मिनिटांत फोन करते.

जयदीप : काय झालं?

मिनल : शोधतेय. 'मुहूर्त'... आहे की. 'हा संदेश आल्यास शेवटचा ठोका देवाचा समजावा.' सर, हे कधी लिहिलंत?

जयदीप : श्रावणात.

मिनल : कोणी सांगितलं होतं?

जयदीप : कोणी कशाला सांगायला हवं? दसरा दरवर्षी येतो. सुजित सरांच्या कॅलेंडरात येत नसेल. आमच्या काकांचं भोसरीत छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ मशीन. नारळ फुटला की काका एक फेरा रिकामा द्यायचे. मी 'प्रेस' लिहायला घेतलं, तेव्हा आधी डोळ्यांपुढे तेच आलं.

मिनल : माझ्या का नाही आलं?

जयदीप : तुला कसं माहीत असणार?

मिनल : मला माहीत आहे सर. तेच तर. बाबा तीस वर्षं प्रेसवर होते, भोसरीतच. दसऱ्याला आमच्याकडे वेगळं असायचं. आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो, कालही गेलो होतो. बाबा आधी कंपनीत जाऊन यायचे. पूजेच्या वेळी लांब उभे राहायचे, पेढा घ्यायचे. पण नारळ फुटला की सुपरवायझर हाक मारायचा, या हो, ठोका तुम्ही द्या. हात हलका म्हणून. घरी येऊन सांगायचे, आज मोकळी चालवली, आवाज किती गोड येतो तिचा. हे मी दरवर्षी ऐकलंय. आणि गणपतीच्या सुट्टीत सहा प्रेस लिहिताना मला एकदाही आठवलं नाही.

जयदीप : अगं, ते दहा मिनिटांचं काम आहे. बसव तुझ्यात.

मिनल : बसवू शकते. पण बसवलं नव्हतं.

जयदीप : मिनल, हे बघ. दया वगैरे नको करूस. मला चालणार नाही.

मिनल : दया नाही. तुमचं वाचून कळतं, प्रेस काय करते. माझं वाचून कळतं, मी किती हुशार आहे. पुढच्या दिवाळीला कोणीतरी तिसराच माणूस हे वाचणार. त्याला माझ्या हुशारीचा काय उपयोग?

जयदीप : सुजित सरांना काय सांगशील?

मिनल : गाडी बाजूला घ्या. नेट येतंय इथं.

जयदीप : घेतली. हा चिंबळी फाटा. चहा घेणार?

मिनल : नाही. सर, ती ओळ मी आत सरकवू? तुमच्या कोडमध्ये हात घालू का?

जयदीप : विचारतेस काय?

मिनल : तुम्हीच शिकवलंय, विचारायचं.

जयदीप : घाल.

मिनल : डबा आत. सहाजणींना सहा. पाठवलं... जातंय... पोचलं. फोन लावते. मारुतराव? पाट्या बंद करा. आता चालू करा. काय दिसतंय?

मारुतराव : समदीकडं शून्य.

जयदीप : डबे नवे आहेत, म्हणून कोरे. एक ठोका द्या कुठलीला तरी. धाकटीला द्या.

मारुतराव : साहेब, हार हाय गळ्यात. मालक आल्याबिगर म्या हात लावनार न्हाई.

मिनल : मग कसं तपासायचं? मालकांसमोरच?

जयदीप : थोरलीचा मुहूर्त झालाय ना, मारुतराव? तिला दुसरा ठोका चालतो?

मारुतराव : तिला चालंल. तिचं मोकळं झालंय. थांबा हं. ये बाजूला व्हा रं... आईकलं का?

मिनल : ऐकू आलं.

मारुतराव : थोरली येक. ठेंगणी शून्य. रडकी शून्य. मुकी, चटक... शून्य, शून्य. धाकटी बी शून्य.

जयदीप : आता हिरवं बटण दाबून धरा.

मारुतराव : धरलं. 'मुहूर्त' आलं. आन थोरली... शून्य. व्हय! झालं साहेब!

मिनल : तिथं एवढी शांतता का झाली एकदम?

मारुतराव : पोरं हिरमुसली, म्याडम. देवी गेली म्हनत्यात. या आता लवकर.

जयदीप : निघालोच. मिनल, सीटबेल्ट. काय टाइप करतेस?

मिनल : सुजित सरांना. 'जयदीप सरांची सिस्टीम ठेवली आहे. एक चूक होती, काढली. तपासली. माझी परत घेतेय.'

जयदीप : काय म्हणाले?

मिनल : विचारतायत, 'पण ती शुद्ध फंक्शनल आहे ना?'

जयदीप : मग?

मिनल : लिहिलं, 'सहा फंक्शन आहेत. प्रत्येकीला नाव आहे.' त्यांनी अंगठा पाठवलाय.

जयदीप : वाचलं नसणार.

मिनल : अंगठा म्हणजे वाचलं नाही हेच असतं. पण एक अट आहे माझी. दिवाळीनंतर तुम्ही तिघा नवीन मुलांना शिकवायचं. सातबाऱ्यापासून सुरू करायचं. आणि डबा कुठं ठेवायचा नाही, तेही सांगायचं. मधल्या खोलीसकट.

जयदीप : साबणाची डबी नाही सांगणार.

मिनल : तीच आधी सांगा. कुरुळी आली, डावीकडे घ्या. ते निळं गेट.

रखवालदार : थांबा, थांबा. पास?

मिनल : ऑफिसनं पाठवलाय. मिनल नावानं बघा.

रखवालदार : हाय. येक म्याडम, येक ड्रायव्हर. म्याडम, तुमी आत जावा. ड्रायव्हरनं गाडी भाईर पार्किंगला लावायची आन तिथंच बसायचं.

जयदीप : जा मिनल. उशीर होतोय. मी लावतो गाडी. तिथं झाड आहे, सावलीत बसतो.

मिनल : थांबा सर. दादा, मालक आले का आत?

रखवालदार : आत्ताच गेले.

मिनल : मग यांना लगेच प्रेस शॉपला सोडा. मारुतराव वाट बघतायत. तिथल्या पाट्या यांनी केल्यात, सुरू करायला तेच लागतील.

रखवालदार : हे ड्रायव्हर न्हाईत?

मिनल : नाहीत.

रखवालदार : पासवर तर दोगं हायती. येक म्याडम, येक ड्रायव्हर. मंग ड्रायव्हर कोन?

मिनल : मी. उतरा सर, किल्ली राहू द्या. दादा, गाडी कुठं लावायची म्हणालात?

जयदीप : मिनल.

मिनल : काय?

जयदीप : क्लच जड आहे. सावकाश सोड.